पुस्तक उघडं ठेवून दिलेली परीक्षा

होशंगाबाद जिल्ह्यातल्या सरकारी शाळांमध्ये आठवीच्या विज्ञानाच्या परीक्षेला मुलं पाठ्यपुस्तक आणि वर्षभराची वही घेऊन बसायची. दोन्ही बाकावर उघडी ठेवायला परवानगी होती. पुस्तकात उत्तर छापलेलंच नव्हतं, त्यामुळे कॉपी करायची तरी कशाची? प्रश्नपत्रिकेत एखादा तक्ता द्यायचा आणि त्यातल्या आकड्यांवरून काय म्हणता येईल ते विचारायचं. प्रयोगाची मांडणी द्यायची आणि त्यात काय चुकलं ते शोधायला सांगायचं. लेखी परीक्षेच्या जोडीला प्रात्यक्षिकाची परीक्षा असे. तिथे साहित्य समोर ठेवलेलं आणि काम स्वतः करून दाखवायचं.

हे सगळं घडत होतं मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठच्या खेड्यांमध्ये. शाळा साध्या सरकारी, शिकवणारे सरकारच्याच पगारावरचे शिक्षक. १९७२ साली १६ ग्रामीण शाळांत सुरू झालेला ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ तीस वर्षं चालला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला, तेव्हा तो १५ जिल्ह्यांतल्या हजाराच्या आसपास शाळांमध्ये पोचला होता. सरकारी यंत्रणेच्या आत राहून, इतकी वर्षं आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर, प्रयोग करत विज्ञान शिकवण्याचा दुसरा असा प्रयत्न देशात सहज सापडणार नाही.

आज या कार्यक्रमाची आठवण काढायला सबळ कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अनुभवातून शिकण्यावर भर आहे, पाठांतर कमी करायचं वचन आहे, परीक्षांनी आकलन तपासावं असा आग्रह आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तेच आहे. महाराष्ट्रातल्या प्रशिक्षणवर्गांत आणि परिपत्रकांत ‘कृतियुक्त’, ‘आनंददायी’, ‘ज्ञानरचनावादी’ हे शब्द गेली कित्येक वर्षं वापरात आहेत. या शब्दांमागची कल्पना सरकारी शाळेत खरोखर उतरवायची तर काय काय लागतं, त्याचा तीस वर्षांचा हिशेब होशंगाबादने मांडून ठेवला आहे. तो नीट वाचल्याशिवाय पुढचं धोरण लिहिणं हा मुलांवर अन्याय ठरेल.

या कहाणीचं एक टोक मुंबईत आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्रावर काम करणारे अनिल सद्‌गोपाल संशोधन सोडून होशंगाबाद जिल्ह्यातल्या बनखेडी भागात गेले आणि त्यांनी ‘किशोर भारती’ ही संस्था उभी केली. रसूलिया इथे क्वेकर परंपरेतलं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ आधीपासून काम करत होतं. दोन्ही संस्थांनी मिळून राज्य सरकारकडे एक साधी परवानगी मागितली: सहावी ते आठवीच्या काही शाळांत विज्ञान वेगळ्या पद्धतीने शिकवू द्या. प्रयोगांतून भौतिकशास्त्र शिकवण्याचा प्रयत्न त्याआधी काही शिक्षकांनी केला होता. डून स्कूलचे बी. जी. पित्रे आणि त्यांचे सहकारी त्यात आघाडीवर होते. ती मंडळी मदतीला आली. टाटा संस्थेतले प्राध्यापक यशपाल आले. पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक येऊ लागले.

हे शास्त्रज्ञ खेड्यात भाषण देऊन परतले असते, तर कार्यक्रम वर्षभरही टिकला नसता. ते उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-तीन आठवडे शिक्षकांबरोबर राहिले. प्रशिक्षणात शिक्षक विद्यार्थ्यांच्या जागी बसत आणि चौघांची टोळी करून पुस्तकातला प्रत्येक प्रयोग स्वतः करत. निष्कर्षावरून वाद झाला की प्रयोग पुन्हा. यातल्या बऱ्याच शिक्षकांनी कॉलेजात विज्ञान घेतलेलं नव्हतं. विद्यापीठातला प्राध्यापक त्यांच्यासमोर ‘हे मला माहीत नाही, करून बघू या’ असं म्हणतो, हा अनुभव त्यांना नवा होता. वर्गात उत्तर न येण्याची भीती शिक्षकाच्या मनातून गेली की मुलांच्या प्रश्नांना वाट मिळते. शिक्षक-प्रशिक्षणाच्या आपल्याकडच्या आराखड्यांत या भीतीचा उल्लेखही नसतो.

‘बाल वैज्ञानिक’ हे या कार्यक्रमाचं पुस्तक. त्यात सूचना होत्या आणि प्रश्न होते, उत्तरं नव्हती. मूल प्रयोग करी, जे दिसलं ते वहीत लिही, टोळीत आणि मग वर्गात चर्चा होई आणि निष्कर्ष मुलाच्या स्वतःच्या शब्दांत वहीत उतरे. वहीशिवाय पुस्तक अपुरं होतं. परीक्षेत वही उघडी ठेवू द्यायची ती याचसाठी. वर्षभर प्रयोग केलेल्या मुलाची वही त्याच्या उपयोगाची, आणि न केलेल्याची कोरी.

साहित्य कोणतं? भिंग, परीक्षानळ्या, चुंबक, स्पिरिटचा दिवा आणि गावात मिळेल ते सगळं. फुलाचे भाग वेगळे करायला सुया लागतात, पण सुया कमी पडल्या तेव्हा बाभळीचा काटा कामाला आला आणि पुढे तोच रूढ झाला. पुण्याच्या टेल्को कंपनीतून रजा घेऊन १९७८ साली तिथे गेलेल्या अरविंद गुप्ता या तरुण अभियंत्याने आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी पाहिली. तिचे तुकडे सांध्यासारखे वापरून, काड्यापेटीतल्या काड्या जोडून, त्याने त्रिकोण, चौकोन आणि घन उभे केले. चौकोन दाबला की वाकतो आणि त्रिकोण वाकत नाही, हे मुलांच्या बोटांना कळलं. पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणांच्या का असतात, ते समजायला मग सूत्राची गरज उरत नाही.

गणिताचा वेगळा तास या कार्यक्रमात नव्हता, तरी त्याचा सर्वांत मोलाचा भाग गणिताचाच म्हणावा लागेल. ‘बाल वैज्ञानिक’मध्ये अंतर मोजणं, दशांश, आलेख आणि नकाशा यांवर प्रकरणं होती. ‘घट-बढ़ और सन्निकटन’ असंही एक प्रकरण होतं. एकच टेबल दहा मुलांनी मोजलं तर दहा वेगळी मापं येतात. त्यांतलं खरं कोणतं? सरासरी का काढायची? दशांश चिन्हापुढचा कितवा अंक विश्वासाचा? ‘संयोग और संभाविता’ या प्रकरणात मुलं फासे आणि नाणी टाकून शेकडो नोंदी करत आणि संभाव्यता म्हणजे काय ते त्या नोंदींच्या ढिगातून बघत. आपल्याकडे सरासरी हे पाठ्यपुस्तकातलं एक गणित आहे: बेरीज करा, संख्येने भागा, उत्तराखाली दोन रेघा मारा. सरासरी काढायची गरज का पडली, हा प्रश्न तिथे कधी येतच नाही.

हा प्रश्न न येण्याची किंमत आता आकड्यांत दिसते. शालेय शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे ३१ मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येतं. आठवीत हा आकडा सुमारे ४६ वर जातो. म्हणजे आठ वर्षं शाळेत काढूनही निम्म्याहून अधिक मुलांना साधा भागाकार जमत नाही.

ही मुलं मंद आहेत असं कुणाला वाटत असेल, तर २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आलेलं संशोधन त्यांनी वाचावं. नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांची परीक्षा घेतली. दोन-तीन वस्तू, वेगवेगळी वजनं, वेगवेगळे भाव, वर परत द्यायचे सुटे पैसे: हा सगळा हिशेब मुलं तोंडी, अचूक करत होती. त्याच प्रकारची गणितं पुस्तकी पद्धतीने कागदावर दिली तेव्हा ती अडखळली. उलट बाजूला, बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांना कागदावरची गणितं बरी येत होती, पण बाजारातला व्यवहार सांभाळता येत नव्हता. दोन्ही प्रकारच्या मुलांकडे गणित होतं. शाळेने त्या दोन गणितांमध्ये पूल बांधला नव्हता.

होशंगाबादला परतू. १९७८ साली सरकारने हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्याच, म्हणजे दोनशेहून अधिक शाळांमध्ये लागू केला. खरी कसोटी इथे होती, कारण १६ शाळा उत्साहावर चालतात, दोनशे शाळांना व्यवस्था लागते. शाळांच्या गटातले विज्ञानशिक्षक दर महिन्याला ‘मासिक गोष्ठी’साठी एकत्र जमत, कुठला प्रयोग फसला ते सांगत, पुढच्या प्रकरणाची तयारी करत. अनुभवी शिक्षक ‘स्रोत शिक्षक’ म्हणून इतरांच्या वर्गात जाऊन बसत. ते जात मदतीला, तपासणीला नव्हे. शिक्षकांच्या सूचनांवरून पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या बदलल्या. मुलांच्या पत्रांना उत्तर देण्यासाठी ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र निर्माण केलं होतं. त्याच्या नावाने खेड्यापाड्यांतून पोस्टकार्डं येत, आणि उत्तरं शोधताना शास्त्रज्ञांचाही कस लागे. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे ही सारी जबाबदारी उचलली आणि कार्यक्रम इतर जिल्ह्यांत नेला.

आपल्याकडेही शाळांच्या गटाच्या, म्हणजे ‘केंद्रा’च्या पातळीवर दर महिन्याला शिक्षण परिषद भरते. तिच्यात माहिती भरणं, ॲप, पोषण आहाराचे आकडे आणि नवी परिपत्रकं यांतून वेळ उरला तर शिकवण्यावर बोललं जातं. परिषद तीच, शिक्षक तेच. विषयपत्रिका बदलायला एका पैशाचा खर्च नाही.

होशंगाबादमध्ये सारं आलबेल होतं असं मात्र नाही. फुटलेल्या नळ्या आणि संपलेली रसायनं वेळेवर भरून मिळत नसत आणि ही तक्रार अखेरपर्यंत राहिली. प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली की त्याच्या शाळेतलं काम थंडावे. काही शिक्षक वर्गात प्रयोग न करता निष्कर्ष फळ्यावर उतरवून देत, आणि मुलं ते वहीत लिहून घेत. मोठा दोष मात्र रचनेतच होता. हा कार्यक्रम सहावी ते आठवीपुरता होता. नववीत मूल गेलं की समोर जुनं पुस्तक, जुनी पद्धत आणि त्यापुढे पाठांतराला भरभरून गुण देणारी दहावीची परीक्षा. ‘ही प्रयोगांची वर्षं आमच्या मुलांना बोर्डात नडतील’ ही पालकांची धास्ती अज्ञानातून आली असं म्हणून झटकून टाकता येत नाही. ज्या परीक्षेवर मुलाचं पुढचं आयुष्य ठरणार, तिचा आणि या शिक्षणाचा मेळ कुणी घातलाच नव्हता.

हीच धास्ती पुढे राजकारणाच्या हाती लागली. या पद्धतीमुळे जिल्ह्यातल्या मुलांचे दहावीचे निकाल घसरतात, असा आरोप झाला. ‘एकलव्य’ने आकडे मांडून तो खोडून काढला. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी सरकारला पत्रं लिहिली. तरीही २००२ साली राज्य सरकारने आदेश काढून कार्यक्रम थांबवला आणि राज्यभराचं नेहमीचं पाठ्यपुस्तक पुन्हा लागू केलं. तीस वर्षांत तयार झालेले शिक्षक तिथेच होते, मासिक गोष्ठींची सवय होती, पुस्तकं होती. सुधारणा सुचवून कार्यक्रम पुढे नेण्याचा मार्गही मोकळा होता. तो न घेता सगळं एका आदेशाने मिटवणं ही शिक्षणाच्या इतिहासातली मोठी चूक होती, आणि ती मुलांच्या वाट्याला आली.

बंद पडलेल्या या कामाचे धागे मात्र लांबवर गेले. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला. एनसीईआरटीच्या त्यानंतरच्या विज्ञानाच्या पुस्तकांत कृती आणि प्रश्नांना जी जागा मिळाली, तिच्यामागे होशंगाबादचा अनुभव होता. ‘एकलव्य’च्या ‘संदर्भ’ या नियतकालिकाच्या धर्तीवर पुण्यातून मराठीत ‘शैक्षणिक संदर्भ’ निघू लागलं. अरविंद गुप्ता पुढे जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या, पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेत आले. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेची इमारत पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून झाली. तिचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतला तो तारा, आणि पुलंची आठवणही त्यात आपोआप आली. दशकभर तिथे शाळांच्या सहली आल्या आणि मुलं टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवून घरी घेऊन गेली. गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मुक्तांगणात मूल एक दिवस जातं. उरलेलं वर्ष ते आपल्या शाळेत असतं.

महाराष्ट्राकडे या क्षेत्रातली स्वतःची पुंजी कमी नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईत १९७४ साली सुरू झालं. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली त्या केंद्राने सुरुवातीच्याच वर्षांत जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यासारख्या ग्रामीण भागात आणि मुंबई महापालिकेच्या शाळांत काम केलं. पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली तर वंचित घरांतल्या मुलांचं विज्ञानाचं आकलन सुधारतं, हे त्यांनी अभ्यासातून दाखवलं. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांचं मंडळ १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेतं. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असलेल्या या स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत असते. शाळकरी मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा मोठ्या प्रमाणावर आणि चोख कशी घ्यायची, हे या राज्यातल्या शिक्षकांना चांगलं ठाऊक आहे. ती कला स्पर्धेपुरती उरली, आणि तिच्या तयारीसाठी फी भरून क्लास लावणाऱ्या घरांपर्यंत पोचली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला तिचा लाभ झाला नाही.

प्रयोगांतून शिकवण्याचा विषय निघाला की धोरणकर्त्यांना सगळ्यांत सोपं जातं ते साहित्य पाठवणं. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. देशात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. थ्रीडी प्रिंटर आणि रोबोटचे सुटे भाग मुलांच्या हाती यावेत, हे चांगलंच आहे. पण शाळाशाळांत विज्ञानाच्या कपाटाला कुलूप असतं आणि त्याचं कारण ‘डेडस्टॉक रजिस्टर’ असतं. वस्तू फुटली तर नोंद, नोंदीचा जाब, जाबाचा कागद. मग शिक्षक कुलूप उघडत नाही. फुटलेली परीक्षानळी हा शिकण्याचा खर्च आहे, असं एका ओळीचं परिपत्रक निघालं, तर त्याने होणारं काम कित्येक लाखांच्या खरेदीने होणार नाही.

आणि परीक्षा. दहावीला महाराष्ट्रात विज्ञानाच्या दोन भागांचे मिळून ८० गुण लेखी आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. हे २० गुण शाळा देते. जवळपास सगळ्याच मुलांना ते भरघोस मिळतात, आणि त्यांतल्या कितीजणांनी वर्षभरात स्वतःच्या हाताने प्रयोग केले हे कुणी विचारत नाही. जर्नल एकमेकांचं बघून पूर्ण होतं. होशंगाबादमध्ये परीक्षा बदलली म्हणून वर्गात प्रयोग झाले. आपल्याकडे वर्ग बदला असं धोरण सांगतं आणि परीक्षा होती तिथेच राहते. शिक्षक, पालक आणि क्लासवाले तिघेही परीक्षेकडे बघून वागतात. त्यात त्यांचं काही चुकतही नाही.

म्हणून सुधारणेची सुरुवात या २० गुणांपासून व्हायला हवी. शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाने परीक्षक म्हणून यावं. मुलासमोर न केलेला प्रयोग ठेवावा आणि वही उघडी ठेवू द्यावी. लेखी प्रश्नपत्रिकेतही दरवर्षी निदान एक प्रश्न असा असावा, ज्याचं उत्तर कुठल्याही गाईडमध्ये छापता येणार नाही. हे काम एका वर्षात होणार नाही, आणि व्हायलाही नको. होशंगाबादने १६ शाळांपासून सुरुवात केली आणि सहा वर्षं थांबून मग जिल्हा घेतला. महाराष्ट्रातला कोणताही एक तालुका आज ते करू शकतो. त्यासाठी नवं मंडळ, नवा आयोग किंवा नवं ॲप लागत नाही. लागतात ते उन्हाळ्याचे तीन आठवडे, महिन्यातून एकदा शिक्षकांची खरीखुरी बैठक, आणि तालुक्यातल्या कॉलेजचे चार-दोन प्राध्यापक.

पालकही यात हातभार लावू शकतात. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा पालकांच्या आहेत. या समितीच्या बैठकीत बांधकाम, गणवेश आणि पोषण आहार यांवर चर्चा होते, ती व्हावीच. पुढच्या बैठकीत आणखी दोन प्रश्न विचारा. आपल्या मुलांनी मागच्या महिन्यात स्वतःच्या हाताने कोणता प्रयोग केला? आणि विज्ञानाच्या कपाटाची चावी कुणाकडे आहे? उत्तराची नोंद बैठकीच्या इतिवृत्तात करून घ्या आणि महिन्याभराने तेच प्रश्न पुन्हा विचारा.